धावपट्टीखालचा मठ

कोबेहून डोंगरापलीकडे जाणारी एक छोटी, दोन डब्यांची ट्रेन आहे. तिच्या जवळपास शेवटच्या स्टेशनवर उतरलं की सपाट माळ लागतो. युद्धाच्या काळात तिथे नौदलाचा विमानतळ होता. विमानं गेली, शेड गेल्या, काँक्रीटची धावपट्टी मात्र राहिली. आता तिच्या अर्ध्या भागावरून शेतकऱ्यांचे छोटे ट्रक जातात आणि रविवारी निवृत्त माणसं रिमोटवरची विमानं उडवतात. दोन्ही बाजूंना भात, कांदा आणि एक कोंबड्यांचा फार्म. त्या माळावर मी पावणेदोन वर्षं यंत्र ढकललं.

यंत्र म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडणारी गाडी. दिसायला बाबागाडीसारखी. खाली काही कठीण असलं की लहर परत येते आणि पडद्यावर एक कमान उमटते. पुण्यात पीएचडी करताना मी याच पद्धतीने पाण्याच्या जुन्या वाहिन्या शोधत होते. पोस्टडॉकसाठी अर्ज केला तेव्हा जपानमधल्या एका सरांनी व्हिडिओवर मुलाखत घेतली. ते पुरातत्त्व आणि भूभौतिकी दोन्हीत काम करायचे. त्यांनी विचारलं, "तुम्हाला जुने जपानी कागद वाचता येतात का?"

मी म्हणाले, "नाही सर. साधं जपानीसुद्धा अजून शिकतेय."

"हरकत नाही," ते म्हणाले. "कागद मी बघेन. जमीन तुमची."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते आईला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याला ओसाकात आयटीतली नोकरी मिळाली, आणि आम्ही आलो.

जमिनीखाली काय शोधायचं होतं ते मला सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. विमानतळ होण्याआधी त्या माळाच्या उत्तर टोकाला एक मठ होता, मध्ययुगातला. एका सरदाराच्या विधवेने केस उतरवून, भिक्षुणी होऊन तो बांधला, असं गावात सांगतात. भिक्षूंनी डोंगरातून पाट काढून तळं भरलं, म्हणून त्या कोरड्या माळावर भात पिकायला लागला. पुढे सरदारांच्या लढायांमध्ये मठ जळाला. गावकऱ्यांनी त्याच जोत्यावर, त्याच दगडांवर पुन्हा खांब उभे केले. नंतर मठ लहान होत गेला, भिक्षू कमी झाले, पण जोतं तेच राहिलं. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत नौदलाने माळ घेतला आणि मठ उतरवला.

हे सगळं सरांना ज्यांनी सांगितलं होतं, त्यांच्याकडे ते मला घेऊन गेले. नव्वदी ओलांडलेल्या एक बाई. गावातल्या शाळेत त्या आयुष्यभर शिक्षिका होत्या आणि सर त्यांचे चौथीतले विद्यार्थी. सर त्यांना सेन्सेई म्हणायचे. मला मात्र पहिल्या दिवसापासून मनात 'बाई' हाच शब्द आला, आपल्याकडे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसा. काठी टेकत त्या दारापर्यंत आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचे बूट या मातीत टिकायचे नाहीत." दुसऱ्या खेपेला त्यांच्या ओसरीवर माझ्यासाठी रबरी बूट ठेवलेले होते.

बाईंची गोष्ट अशी. मठ उतरवला त्या वेळी त्या बारा वर्षांच्या. घंटा आधीच युद्धाच्या धातूसाठी वितळवायला गेली होती. गावातले लोक मुख्य दालनासमोर जमले होते, काही बायका रडत होत्या. तेव्हा मठाचे प्रमुख भिक्षू पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, लाकूड जाईल, कौलं जातील, पण जोत्याचा एकही दगड हलणार नाही. दगड जागच्या जागी मातीने झाकले जातील. युद्ध संपलं की माती काढायची आणि त्यांच्यावर खांब उभे करायचे, आपल्या पूर्वजांनी केलं तसं. शेजारी नौदलाचा एक अधिकारी उभा होता. त्याने मान हलवली.

"मी त्या अधिकाऱ्याकडे बघत होते," बाई म्हणाल्या. "त्याने मान हलवली म्हणून मला पटलं. भिक्षू आमचेच होते, ते समजूत घालणारच. पण त्याला आमची समजूत घालायचं काय कारण?"

युद्ध संपलं. ते भिक्षू कुठल्याशा उत्तरेकडच्या गावी निघून गेले आणि परत आले नाहीत. जमीन वाटली गेली, विकली गेली. मठ कुणी बांधला नाही. पण बाईंनी दरवर्षी चौथीच्या वर्गाला सांगितलं की धावपट्टीच्या उत्तर टोकाखाली जोतं आहे, जसंच्या तसं. सर त्या वर्गात बसले होते. म्हणूनच आपण या विषयात आलो, असं त्यांनी मला गाडीत परतताना सांगितलं. मला हेवा वाटला. माझ्या कामामागे अशी काही गोष्ट नव्हती, मला गणित बरं जमायचं एवढंच.

पहिलं वर्ष काहीच मिळालं नाही. माळाची माती चिकण आहे, लहरी फार खोल जात नाहीत. उन्हाळ्यात काँक्रीट इतकं तापायचं की गाडीची रबरी चाकं चिकटायची. दुपारी बाई डब्यात भाजलेल्या सातूचा थंड चहा पाठवायच्या, कधी स्वतः यायच्या आणि छत्रीखाली खुर्ची टाकून बसायच्या. मी मासे खात नाही हे त्यांना कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी आंबट आलुबुखार घातलेले भाताचे गोळे करायला सुरुवात केली. माझं जपानी त्यांच्याजवळ सुधारलं. चुकीचं क्रियापद त्या सोडत नसत, मग माझ्या हातात यंत्र असो की घास.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात उत्तर टोकाला कमानी दिसल्या. एक, मग ठरावीक अंतरावर दुसरी, तिसरी. दोन दिवसांनी मी सगळ्या ओळी एकत्र मांडल्या तर पडद्यावर जाळं तयार झालं होतं: सरळ ओळी, सारखं अंतर, काटकोन. मी तो पडदा सरांसमोर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले.

मी म्हणाले, "अंतर थोडं जास्त वाटतंय सर. मठाच्या खांबांमध्ये एवढं अंतर असतं?"

"दालनावर अवलंबून असतं," ते म्हणाले. "भिक्षू एकत्र बसायचे ते दालन मोठं असे."

मी मानलं. मठांबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं त्यांनीच सांगितलेलं होतं.

गावच्या सभागृहात आम्ही सादरीकरण केलं. सर म्हणाले, तुम्हीच बोला, शोध तुमचा आहे. मी पंधरा मिनिटांचं जपानी भाषण बाईंकडे जाऊन पाठ केलं होतं, त्यामुळे त्यांना त्यातलं प्रत्येक वाक्य आधीच माहीत होतं. तरी त्या पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे दगड आहेत, नक्की?"

"हो," मी म्हणाले. "नक्की."

बाई उठल्या, काठी सोडली आणि मला कमरेतून वाकून नमस्कार केला. त्यांच्या वयाच्या माणसाने माझ्या वयाच्या माणसासमोर इतकं वाकायचं नसतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. सर त्यांच्याच शेजारी बसले होते आणि मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक चाचणी खड्डा खणायची परवानगी मागायची होती. जुन्या विमानतळावर खणायचं तर युद्धकाळातल्या बांधकामाचे नकाशे जोडावे लागतात, खाली स्फोटक वगैरे राहिलं असेल म्हणून. ही कागदपत्रं नेहमी सर बघायचे. पण ते परिषदेसाठी परदेशात होते आणि अर्जाची मुदत जवळ आली होती. मी स्वतःच तालुक्याच्या अभिलेखागारात गेले. तिथे खिडकीशी एक मध्यमवयीन कर्मचारी बाई होत्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. मी विषय सांगितला तशा त्या म्हणाल्या, "तो नकाशा ना? तुमच्या सरांनी पाहिलाय तो."

"कधी?"

त्यांनी नोंदवही काढली. सरांचं नाव, शिक्का, तारीख. मी जपानला येण्याच्या आधीच्या वर्षीची. प्रत घेतल्याचीही नोंद होती.

"त्यांनी तुम्हाला प्रत दिली नाही?" त्यांनी सहज विचारलं.

नकाशा निळसर होता, घड्यांवर फाटलेला. त्यावर धावपट्टीचं उत्तर टोक होतं आणि टोकाजवळ ठिपक्यांचं जाळं. सरळ ओळी, सारखं अंतर, काटकोन. बाजूला पळत्या हाताने काही लिहिलं होतं, ते मला वाचता येईना. कर्मचारी बाईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून सावकाश वाचलं.

"शोषखड्डे," त्या म्हणाल्या. म्हणजे पावसाचं पाणी जिरावं म्हणून खणलेले आणि धोंड्यांनी भरलेले खड्डे. मग समासातली ओळ. "मठाचे जोत्याचे दगड काढून, फोडून, धावपट्टीच्या थरासाठी वापरले." त्यांनी मान वर केली. "अरेरे. तुम्ही हेच शोधत होता ना?"

मी प्रत घेतली आणि त्यांचे आभार मानले. युनिव्हर्सिटीत येऊन नकाशा माझ्या आराखड्यावर ठेवला. एकही ठिपका इकडचा तिकडे नव्हता.

सर परत यायला पाच दिवस होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "विसरले असतील गं. इतके कागद बघतात." मी त्याला दोन्ही जाळी दाखवली. ती नीट बघून तो म्हणाला, "पण त्यांनी वाईट हेतूने केलं नसेल." त्या क्षणी मला त्याचाही राग आला. हेतूचं मला काय करायचं होतं? मी भरल्या सभागृहात 'नक्की' म्हणाले होते.

सर आले त्या सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले आणि नकाशा टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचललासुद्धा नाही.

"बसा," ते म्हणाले.

मी उभीच राहिले. "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"मग मला इथे कशाला बोलावलं?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. "नकाशा मिळाला तेव्हा मी गावी गेलो होतो, सेन्सेईंना सांगायला. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, तू येणार हे मला माहीत होतं, आता तू शोध घेशील. मला सांगता आलं नाही. मला वाटलं, शोध घेत राहू. त्यांचं वय झालंय. त्या असेपर्यंत कुणीतरी रोज माळावर दिसलं म्हणजे पुरे."

"आणि तो कुणीतरी मी."

त्यांनी मान हलवली.

"मला सांगितलं असतं तर?"

"तुम्हाला जमलं नसतं," ते म्हणाले, अगदी सौम्यपणे. "तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. सेन्सेईंनी आयुष्यभर मुलांचं खोटं पकडलंय. माझ्या तोंडून त्यांनी ते ऐकून घेतलं नसतं. तुम्हाला ते खरं वाटत होतं, म्हणून त्यांनाही वाटलं."

मुलाखतीतला तो प्रश्न मला तेव्हा कळला. जुने कागद वाचता येतात का? नाही म्हणाले म्हणूनच मी निवडले गेले होते. माझं गणित, माझे शोधनिबंध, पुण्यातली पाच वर्षं, या सगळ्यांपेक्षा मला काय येत नाही हे त्यांच्या कामाचं होतं. अपमान कसला झाला हे मला त्यांना जपानीत सांगता आलं नसतं, इंग्रजीतही नाही. मराठीत मात्र मनात एकच वाक्य घोळत राहिलं: या माणसाने माझा खरेपणा वापरला.

"मी बाईंना सांगणार आहे," मी म्हणाले.

"कृपा करून सांगू नका. खड्ड्याचा अर्ज आपण मागे घेऊ. निधी संपला म्हणू."

सांगणार म्हणाले होते, तरी मी दोन आठवडे गेले नाही. त्या दोन आठवड्यांत बाईंचा दोनदा फोन आला, खड्डा कधी खणणार म्हणून. पहिल्यांदा मी म्हणाले, परवानगीला वेळ लागतोय. दुसऱ्यांदा तेच म्हणताना माझ्या लक्षात आलं की मीही आता त्याच कामाला लागले आहे. तेव्हा शनिवारी सकाळची ट्रेन पकडली.

बाई अंगणात वाळलेली पर्सिमनची फळं काढून ठेवत होत्या. मी आत येऊन बसले, नकाशा उघडला आणि जे होतं ते सांगितलं. काय सापडलं, ते काय नव्हतं, दगडांचं काय झालं. सरांचं नाव मी घेणार नव्हते, पण त्यांनी विचारलं, "त्याला माहीत होतं?" आणि मी हो म्हणाले.

त्यांनी भिंग आणलं आणि समासातली ओळ स्वतः वाचली. मग भिंग खाली ठेवून हात मांडीवर घेतले.

"आम्हाला शाळेतून न्यायचे," त्या म्हणाल्या. "मठ उतरवल्यानंतर, माळाच्या दक्षिण टोकाला. दगड फोडायला. मुलींना लहान हातोडे दिले होते. नदीतले दगड आहेत म्हणून सांगितलं होतं." त्यांनी मांडीवरचा तळहात उलटा केला. "काहींना एक बाजू सपाट होती. पांढरट. मी माझ्या मैत्रिणीला म्हणाले होते, नदी दगडाची एकच बाजू कशी घासते?"

मी नकाशा माझ्याकडे ओढून घेतला.

"ती म्हणाली, पटापट फोड, नाहीतर ओरडतील. मग मी फोडले."

मला वाटत होतं की त्या आता सरांबद्दल काही बोलतील, म्हणजे मलाही बोलता येईल, आम्ही दोघी एका बाजूला होऊ. तसं झालं नाही.

"मला खोटं सांगणारे तिघं झाले," त्या म्हणाल्या. "एक भिक्षू, एक विद्यार्थी आणि तुम्ही."

"बाई, मला माहीत नव्हतं." मी नकळत मराठीतलाच शब्द वापरला.

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, नक्की का. तुम्हाला अंतर जास्त वाटत होतं, हे तुम्ही मला त्या भाषणाच्या तालमीत सांगितलं होतं. तरी हो म्हणालात. तुम्हाला हवं होतं म्हणून म्हणालात." त्यांचा आवाज चढला नव्हता. चौथीच्या मुलीची वही तपासावी तसा होता. "आता तुम्ही जा. आणि ते बूट घेऊन जा, इथे दुसऱ्या कुणाला येणार नाहीत."

मी बूट पिशवीत घातले आणि स्टेशनपर्यंत चालत गेले. बाईंनी नंतर मला बोलावलं नाही. सरांनाही नाही, ते दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा दार उघडलं नाही, असं गावच्या मंडळातल्या एकांनी मला सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. गावात बोललं जात होतं की त्या भारतीय बाईने घाई केली, यंत्र नीट वाचलं नाही, आणि म्हाताऱ्या सेन्सेईंच्या जिवाला उगाच घोर लावला. ते सर्वस्वी खोटं होतं असं मी म्हणू शकत नव्हते, म्हणून मी काहीच म्हणाले नाही. मला वाटत होतं की सर म्हणतील. त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं: नकाशा माझ्याकडे होता.

मार्चमध्ये अंतिम अहवाल आला. एव्हाना मला तो पूर्ण वाचता येत होता. त्यात माझ्या आकृत्या होत्या, सुंदर छापलेल्या. खाली लिहिलं होतं की प्रभारी संशोधिकेने सुरुवातीला काढलेला निष्कर्ष नंतर उपलब्ध झालेल्या नकाशाच्या आधारे दुरुस्त करण्यात आला. नंतर उपलब्ध झालेल्या. मी ते शब्द तीनदा वाचले, अर्थ चुकत नाही ना हे बघायला. अर्थ चुकत नव्हता.

त्याच महिन्यात माझा करार संपला. आता मी ओसाकातल्या एका कंपनीत रस्त्याखालच्या पोकळ्या शोधते. काम सरळ आहे: पोकळी आहे की नाही ते सांगायचं, दुसऱ्या दिवशी कुणीतरी खणून बघतं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक जागेचे जुने नकाशे स्वतः मागवायचे आणि सहकारी वैतागायचे. जुनी पळती अक्षरं वाचायला मी दर गुरुवारी एका वर्गाला जाते. वर्गात सगळे निवृत्त लोक आहेत आणि मला कुणी कारण विचारलेलं नाही.

बाई गेल्या वर्षी थंडीत गेल्या. मला ते अभिलेखागारातल्या कर्मचारी बाईंच्या पत्रातून कळलं. त्यांनीच लिहिलं होतं की शेवटच्या वर्षी बाई शाळेत गेल्या होत्या, चौथीच्या वर्गाची परवानगी काढून, आणि मुलांना म्हणाल्या होत्या की मी इथे बरीच वर्षं चुकीचं शिकवलं. दगड तिथे नाहीत. आम्ही ते फोडले.

यंदा कोबेत एका परिषदेला सर भेटले. केस पांढरे झालेत. जेवणाच्या रांगेत ते माझ्यासमोर आले, नवऱ्याची चौकशी केली, माझ्या नव्या कामाबद्दल चांगलं ऐकलंय म्हणाले, आणि वाकले. मीही वाकले. सवयीने त्यांच्यापेक्षा थोडी जास्तच वाकले. ओसाकाला परतताना पूर्ण वेळ मला त्याचाच राग येत होता.